सुरुवात संमतिवयापासून

१९ मार्च १८९१ रोजी कलकत्त्यात व्हाइसरॉयच्या कायदेमंडळाने एक छोटा कायदा मंजूर केला. त्याने दंडसंहितेतला एक आकडा बदलला: दहाच्या जागी बारा आले. बारा वर्षांखालच्या मुलीशी शरीरसंबंध ठेवणे, मग ती लग्नाची बायको का असेना, हा बलात्काराचा गुन्हा ठरला. शाळेतल्या इतिहासात ‘संमतिवयाचा कायदा’ म्हणून तुम्ही त्याच्याबद्दल दोन ओळी वाचल्या असतील, परीक्षेत त्यावर टीपही लिहिली असेल. संस्कृती, बालपण, लिंगभाव, विज्ञान आणि धर्म या विषयांची पदवीच्या पहिल्या वर्षाला ओळख करून देणाऱ्या या पुस्तकाची प्रस्तावना मी त्या दोन ओळींपासून सुरू करते आहे. हे पाचही विषय त्या वादात एकाच वेळी, एकाच लहान मुलीच्या शरीराभोवती गोळा झाले होते. त्यांतला एक बाजूला ठेवला तर उरलेल्या चारांचाही अर्थ लागत नाही.

कायद्याच्या आदल्या वर्षी कलकत्त्यात हरिमोहन मैती नावाच्या माणसावर खटला चालला. त्याची बायको फुलमणी हिने दहा वर्षे ओलांडली होती, बारा गाठली नव्हती. नवऱ्याने केलेल्या संभोगात तिला जखम झाली आणि रक्तस्रावाने ती गेली. दहा वर्षे पूर्ण झालेली असल्यामुळे कायद्याच्या लेखी तो बलात्कार ठरला नाही. हरिमोहनला वर्षभराची सक्तमजुरी झाली. मुंबईचे पारशी पत्रकार बेहरामजी मलबारी १८८४ पासून बालविवाहाविरुद्ध लिहीतच होते. त्यांच्या मागणीला या मृत्यूने निराळीच धार आली. देशात काम करणाऱ्या पन्नासहून अधिक स्त्री डॉक्टरांनी सरकारला अर्ज केला आणि आपण स्वतः पाहिलेल्या कोवळ्या मुलींच्या जखमा, लुळेपणा, मृत्यू त्यात नोंदवले. विरोधकांनी गर्भाधान संस्काराचा मुद्दा काढला. पहिल्या ऋतुप्राप्तीनंतर तो संस्कार झालाच पाहिजे, आणि मुलगी बारा वर्षांच्या आत ऋतुमती झाली तर हा कायदा धर्मपालनालाच गुन्हा ठरवील, असे त्यांचे म्हणणे होते.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर वाणिज्य आणि विज्ञान शाखेचे विद्यार्थीही मुक्त ऐच्छिक विषय म्हणून या वर्गांत येऊन बसू लागले आहेत. त्यांच्या डोळ्यांत पहिल्या दिवशी एक प्रश्न असतो: यात शिकायचे काय? कुटुंब, लग्न, मूल, देव, सण हे सगळे घरी पाहिलेलेच असते. हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला व्याख्यांनी उत्तर मिळत नाही. टायलर या इंग्रज मानववंशशास्त्रज्ञाने १८७१ मध्ये केलेली संस्कृतीची व्याख्या फळ्यावर लिहून दिली की वही भरते, पण विद्यार्थी होता तिथेच राहतो. त्याला एखाद्या खऱ्या भांडणात नेऊन उभे करावे लागते. घरात जे ‘असेच असते’ म्हणून पाहिले, तेही कधी काळी कोणी ठरवलेले होते, त्यावर माणसे भांडली होती, कोणी जिंकले आणि कोणी हरले होते, हे तिथे त्याला दिसू लागते.

रखमाबाईंचा खटला मला या कामासाठी सर्वांत मोलाचा वाटतो, म्हणून त्याच्यापाशी जरा जास्त थांबते. रखमाबाई १८६४ मध्ये मुंबईत जन्मल्या. जात सुतार. या जातीत विधवेच्या पुनर्विवाहाला आडकाठी नव्हती. त्यांच्या आई जयंतीबाई विधवा झाल्यावर त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केले. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झाले, पण त्या नांदायला गेल्या नाहीत, माहेरीच राहून वाचत राहिल्या. १८८४ मध्ये दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला की बायकोने आपल्या घरी यावे. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. अपिलात प्रकरण परत खाली आले, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी निकाल दिला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. १८८८ मध्ये दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन तडजोड केली. पुढे रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि परतल्यावर त्यांनी सुरत व राजकोट इथे स्त्रियांवर उपचार करण्यात आयुष्य घालवले.

एवढी कथा बहुतेकांना ठाऊक असते, आता तर तिच्यावर चित्रपटही आहे. अभ्यास तिच्यापुढे सुरू होतो. पिन्ही यांनी दावा का फेटाळला, ते पाहा. बायकोला कोर्टामार्फत घरी आणण्याचा हा उपाय मुळात इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांमधून आलेला आहे आणि हिंदू कायद्यात त्याला आधार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. तरीही ‘हिंदू धर्म संकटात’ अशी हाकाटी झाली ती याच उपायाच्या बचावासाठी. परक्या चर्चमधून आलेली तरतूद दोन-तीन वर्षांत ‘आमची परंपरा’ होऊन बसली. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये ती आजही आहे. परंपरेचा उगम शोधताना कुठे जाऊन पोचावे लागेल हे आधी सांगता येत नाही. म्हणूनच शोधायचे असते.

रखमाबाईंनी १८८५ मध्ये ‘एक हिंदू स्त्री’ या सहीने ‘टाइम्स ऑफ इंडिया’त दोन पत्रे लिहिली. लग्नामुळे मुलीचे शिक्षण तुटते, आणि वाढण्याचा काळच तिच्याकडून काढून घेतला जातो, हे त्यात त्यांनी स्वतःच्या अनुभवातून मांडले. संमतिवयाच्या कायद्यावरचे सारे वाद वाचून काढले की ही पत्रे एकाकी वाटतात. शास्त्री बोलले, वकील बोलले, डॉक्टर बोलले, संपादक बोलले. ज्यांचे वय मोजले जात होते त्यांचा आवाज जवळजवळ कुठेच नाही. लिंगभावाचा अभ्यास या गैरहजेरीपासून सुरू होतो, असे मला वाटते.

या पुस्तकातल्या दुसऱ्या प्रकरणात टिळक आणि आगरकर यांची बाजू शेजारी शेजारी दिली आहे, आणि ती वाचताना एक विनंती आहे. आगरकर बरोबर, टिळक चूक, असा शेरा मारून पुढे जाऊ नका. टिळकांनी १८९० मध्ये स्वतः असा प्रस्ताव मांडला होता की सुधारकांनी मुलींची लग्ने सोळाव्या वर्षाआधी आणि मुलांची विसाव्या वर्षाआधी करणार नाही अशी प्रतिज्ञा घ्यावी. हे आकडे सरकारच्या आकड्यांपेक्षा वरचे आहेत. त्यांचा विरोध होता तो परक्या, अनियंत्रित सत्तेने कायद्याच्या जोरावर घरात शिरण्याला. आगरकरांचे म्हणणे असे की समाज शिकून शहाणा होईपर्यंत दहा वर्षांच्या मुलीने वाट पाहायची का? कायदा करणारा परका असला म्हणून तिची वेदना परकी होत नाही. रा. गो. भांडारकरांनी तिसरी वाट धरली. त्यांनी धर्मग्रंथच उघडले आणि ऋतुप्राप्तीनंतर लगेच गर्भाधान झालेच पाहिजे असे शास्त्र सांगत नाही, हे वचनांच्या आधारे दाखवले. टिळकांनी त्याला वचनांनीच उत्तर दिले. माझा कल आगरकरांकडे आहे आणि तो मी लपवत नाही. पण टिळकांचा मुद्दा त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडता येत नसेल, तर आगरकरांशी सहमत होण्याचा अधिकारही आपण मिळवलेला नसतो.

आता बालपणाबद्दल. १८८४ मध्ये मलबारींच्या टिपणावर मत देताना जोतीराव फुल्यांनी सुचवले की अकराच्या आतल्या मुलीचे आणि एकोणिसाच्या आतल्या मुलाचे लग्न होऊ देऊ नये, आणि केल्यास आईबापांवर कर बसवावा. फुल्यांसारखा माणूस मुलीसाठी अकरा म्हणतो, १८९१ चा कायदा बारा म्हणतो, १९२९ चा शारदा कायदा लग्नाला चौदा म्हणतो, १९७८ ची दुरुस्ती अठरा म्हणते. नवऱ्यापुरती सवलत देणारे दंडसंहितेतले पंधरा वर्षांचे वय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अठरावर नेले. म्हणजे मूल कधीपर्यंत मूल असते, याचे उत्तर सव्वाशे वर्षांत सतत सरकत आले आहे. फिलिप आरियेस या फ्रेंच इतिहासकाराने १९६० मध्ये असे मांडले की मध्ययुगीन युरोपात बालपण ही आयुष्याची वेगळी अवस्था मानलीच जात नव्हती. नंतरच्या अभ्यासकांनी आईबापांच्या रोजनिशा आणि पत्रे काढून त्याला जोरदार हरकत घेतली. मूल गेल्याचे दुःख तेव्हाही तितकेच होते, असे त्यांनी दाखवले. हा वाद आपल्याकडे जसाच्या तसा लागू करण्यात अर्थ नाही. पण मूल कोणाला म्हणायचे हे कोण आणि कशावरून ठरवते, हा त्यातून निघणारा प्रश्न आपला आहे.

वय हीच गोष्ट घ्या. कायद्याने बारा म्हटले खरे, पण जन्माची नोंद होती कोणाकडे? आपल्या आजोबांच्या पिढीतल्या कित्येकांची जन्मतारीख १ जून आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने वय धरले आणि शाळा सुरू होण्याच्या सुमाराची तारीख दाखलखारीज रजिस्टरात टाकली. पुढे त्याच तारखेवर नोकरी लागली, निवृत्तीही झाली. जिथे शाळा पोचली नाही तिथे ही तारीखही नव्हती. मूल नावाची अवस्था शाळेने घडवली, हे विधान पुस्तकात जड वाटते. ते या रजिस्टरात उघड दिसते.

शाळेची दुसरी बाजू ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी दाखवली. १९४५ मध्ये बोर्डी इथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी काम उभे केले तेव्हा वारली मुले शाळेत येत नव्हती. ती गुरे राखत होती, धाकटी भावंडे सांभाळत होती. बाईंनी मुलांना दोष दिला नाही, त्या शाळाच अंगणात आणि कुरणावर घेऊन गेल्या. अंगणवाडी आणि कुरणशाळा त्यातून आल्या. गुरे राखणारे मूल कामगार की विद्यार्थी? त्याला रानातले जे कळते ते ज्ञान म्हणायचे की नाही? वर्गात या प्रश्नावर मते फुटतात, आणि शहरातली मुले व गावातली मुले बहुधा वेगवेगळ्या बाजूंना असतात. ती फूट मिटवण्याची घाई करू नये.

लिंगभावाच्या प्रकरणात दोन मजकूर शेजारी ठेवले आहेत. पहिला बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुष तुलना’, १८८२ चा. सुरतेच्या एका विधवेला भ्रूणहत्येसाठी शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांनी समस्त बायकांना दूषणे दिली, त्यावर पेटून ताराबाईंनी तो लिहिला. जे दोष स्त्रीच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत का, असे विचारत त्या थेट शास्त्रकारांपर्यंत पोचतात. त्यांच्या बाजूने जाहीरपणे उभे राहिले ते फुले. दुसरा मजकूर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा. मे १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात, पंचवीस वर्षांच्या या विद्यार्थ्याने भारतातील जातींवर निबंध वाचला. जात टिकते ती जातीतच लग्न लावण्याने. जोडीदार मेला की जातीत एक स्त्री किंवा एक पुरुष जास्तीचा उरतो, आणि त्याची सोय लावल्याशिवाय जातीची भिंत टिकत नाही. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालिकेचे लग्न या त्या सोयी आहेत, असे त्यांनी दाखवले. मलबारींच्या टिपणांत, टिळकांच्या अग्रलेखांत, भांडारकरांच्या शास्त्रार्थात जी गोष्ट सुटी सुटी होती ती इथे एका सूत्रात आली. संमतिवयाचा वाद हा जातीचाही वाद होता, हे त्या सूत्राशिवाय कळत नाही. आणि हे सूत्र एका विद्यार्थ्याने वर्गात वाचलेल्या निबंधात मांडले होते, हेही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मला आवर्जून सांगावेसे वाटते.

विज्ञान शाखेतून आलेल्यांना पुढचा भाग अवघड जाईल, आणि त्यांच्यासाठीच तो थोडा विस्ताराने लिहिला आहे. संमतिवयाच्या वादात विज्ञान पंच म्हणून बाजूला बसलेले नव्हते. स्त्री डॉक्टरांनी नोंदवलेल्या जखमा ही वैद्यकीय नोंद होती. उष्ण हवेत मुली लवकर वयात येतात हा समजही त्या काळच्या वैद्यकात सर्रास वावरत होता, आणि विरोधक त्यावर विसंबत होते. यावरून विज्ञान म्हणजे निव्वळ मतांचा खेळ, असा निष्कर्ष काढू नका, तो आळशीपणा होईल. इरावती कर्व्यांचे उदाहरण पाहा. १९२० च्या दशकाच्या शेवटी त्या बर्लिनला मानववंशशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधन करीत होत्या. कवटीच्या उजव्या-डाव्या बाजूंतल्या फरकाचा वंशाशी संबंध आहे, असा फिशर यांचा कयास होता. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि असा संबंध दिसत नाही, असे प्रबंधात लिहिले. परदेशातून आलेल्या तरुण विद्यार्थिनीने आपल्याच मार्गदर्शकाच्या कयासाविरुद्ध मोजमापे ठेवली. वंशश्रेष्ठतेचे विचार विज्ञानाच्या नावाने वावरत होते हे जितके खरे, तितकेच ते मोजून खोडता येत होते हेही खरे. दोन्ही गोष्टी एकदम मनात धरायला शिकणे हा या प्रकरणाचा हेतू आहे.

विज्ञान विरुद्ध धर्म अशी सरळ कुस्तीही आपल्या इतिहासात फारशी सापडत नाही. डॉ. आत्माराम पांडुरंग यांनी १८६७ मध्ये प्रार्थना समाज स्थापण्यात पुढाकार घेतला. १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापणाऱ्या आठ जणांतही ते होते. त्या आठांत भारतीय दोनच, आणि दुसरे होते डॉ. सखाराम अर्जुन, रखमाबाईंचे सावत्र वडील. पंचांगाचा वादही असाच. केरोपंत छत्रे गणिताचे प्राध्यापक, टिळक त्यांचे विद्यार्थी. ग्रहणे आणि तिथी प्रत्यक्ष आकाशाशी जुळत नाहीत म्हणून केरोपंतांनी पंचांगाचे गणित सुधारले, आणि त्यावर मोठे वादंग झाले. व्रत योग्य दिवशी व्हावे ही धार्मिकाची तळमळ आणि गणित बरोबर असावे ही ज्योतिर्विदाची तळमळ एकाच माणसात असू शकते. टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत काही वर्षी सण इतरांपेक्षा महिनाभर अलीकडे-पलीकडे येतो, तो याच वादाचा वारसा.

धर्माच्या अभ्यासाबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथे वाचण्यापेक्षा ऐकून घेणे जास्त आहे. विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मांचा तुलनात्मक अभ्यास करून आले आणि १९०६ मध्ये त्यांनी अस्पृश्यतानिवारणासाठी मिशन काढले. ते स्वतः श्रद्धावान होते. तौलनिक अभ्यासाने त्यांची श्रद्धा गेली नाही, तिला काम मिळाले. दुसऱ्या कोणाची श्रद्धा अशा अभ्यासाने ढळेलही. शिक्षकाने यांपैकी कोणताच शेवट आधी ठरवून वर्गात येऊ नये. वर्गात कोणी गळ्यात माळ घातलेला असतो, कोणी रोजा धरलेला असतो, कोणी निळा झेंडा खांद्यावर घेऊन वाढलेला असतो, कोणी काहीच न मानणारा असतो. कोणाच्या देवाची चेष्टा होणार नाही, आणि देवाचे नाव घेतले म्हणून प्रश्न थांबणारही नाही, या दोन अटी पहिल्याच तासाला बोलून घ्याव्यात.

संस्कृतीचे प्रकरण मुद्दाम शेवटी ठेवले आहे. ते आधी ठेवले की बाकी सगळ्याचे उत्तर ‘संस्कृती’ असे येऊ लागते. मुलींची लग्ने लवकर का होतात? तर तिकडची संस्कृतीच तशी. हे उत्तर घेऊन जरा बीड जिल्ह्यात जा. ऊसतोडीला मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या माणसाला तिथे काम मिळणे अवघड. आईबाप सहा महिने साखर पट्ट्यात, मागे वयात आलेली मुलगी, म्हाताऱ्या आजीशिवाय घरात कोणी नाही, शाळा दूर. अशा घरातले लग्न समजून घ्यायला स्मृतिग्रंथ पुरत नाहीत, मजुरीचा करार वाचावा लागतो. इरावतीबाईंनी पंढरीच्या वारीत चालताना जे पाहिले त्याचेही असेच. विठ्ठलाच्या नावाने एका वाटेवर चालणाऱ्या माणसांच्या पंगती मात्र जातीप्रमाणे वेगळ्या बसत होत्या, हे त्यांनी ‘वाटचाल’मध्ये नोंदवले. त्यांचे वारीवर प्रेम होते. प्रेम होते म्हणूनच ते त्यांना टोचले, आणि त्यांनी दोन्ही लिहिले.

हे पुस्तक मराठीत असण्याविषयी दोन शब्द. वर उल्लेखलेल्यांपैकी ताराबाई शिंदे, आगरकर, फुले, विठ्ठल रामजी शिंदे, इरावतीबाई या सगळ्यांनी या विषयांवर मराठीत विचार केला आणि छापला. आधी विचार इंग्रजीत व्हावा आणि मराठीत त्याचा सारांश यावा, ही सवय अलीकडची आहे. त्यामुळे प्रत्येक प्रकरणात पाश्चात्त्य अभ्यासकाबरोबर मराठीतला मूळ मजकूर दिला आहे, आणि शक्य तिथे तो जुन्या लेखनपद्धतीतच ठेवला आहे. वाचायला जड गेला तर मोठ्याने वाचावा, बहुतेक वेळा तेवढ्याने उलगडतो.

शिक्षकांसाठी एक सूचना. पहिल्या सत्राचा प्रकल्प म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरातल्या किंवा शेजारच्या सत्तरी ओलांडलेल्या एका स्त्रीशी बोलावे: लग्न कितव्या वर्षी झाले, वय कसे ठरवले, शाळा कधी सुटली, पहिले बाळंतपण कुठे झाले, कोणती व्रते धरली आणि कोणती सोडली. नाव लिहू नये. ज्या प्रश्नाला ती थांबेल तिथे थांबावे आणि पुन्हा विचारू नये. मग सगळ्यांच्या नोंदी वर्गात एकत्र मांडाव्यात आणि जात, गाव, दशक यांप्रमाणे लावून पाहाव्यात. बालविवाहासंबंधीच्या कायद्यांची १९२९, १९७८ आणि २००६ ही वर्षे त्या तक्त्यावर शेवटी लिहावीत, आधी नाही. विद्यार्थ्यांनी आधी नोंदींतले बदल स्वतः हुडकावेत, आणि ते कायद्यांच्या वर्षांशी कुठे जुळतात व कुठे मुळीच जुळत नाहीत यावर दुसऱ्या सत्राची पहिली चर्चा ठेवावी.